दोष दिव्याचा की जोडाचा?

पेढीचा माल पोहोचवणाऱ्या टेंपोचा डावा दिवा मंद पेटतो, अशी चालकाची तक्रार येते. बल्ब बदलला जातो. आठ दिवस दिवा बरा दिसतो आणि पुन्हा मंदावतो. मग होल्डर बदलतो, मग स्विच, आणि अखेरीस कोणीतरी बॅटरीकडे बोट दाखवतो. चार वस्तूंची बिले वहीत चढल्यानंतर एखादा जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन बंपरमागे हात घालतो आणि अर्थची वायर गाडीच्या पत्र्याला जेथे बोल्टने आवळलेली असते, तेथील हिरवट भुकटी बोटावर घेऊन दाखवतो. पत्रा घासून स्वच्छ केला, नवी थिंबल लावून बोल्ट पुन्हा आवळला की दिवा लख्ख पेटतो. बदललेल्या चारही वस्तू मुळात निर्दोष होत्या.

हा प्रकार कोणत्याही गावातील कोणत्याही पेढीला अपरिचित नाही. मालवाहू टेंपो, विक्री प्रतिनिधीची मोटारसायकल, कुटुंबाची मोटार, अशी वाहने व्यापारी घराच्या नित्य व्यवहाराचा भाग झाली आहेत. टायर, ऑइल, ब्रेक यांविषयी मालकाला पुष्कळ माहिती असते. परंतु बॉनेटखाली काळ्या टेपमध्ये गुंडाळून पडलेल्या वायरिंगविषयी तो सर्वस्वी मिस्त्रीवर विसंबून असतो. आणि विजेतील बिघाड पुष्कळदा उपकरणात नसतोच. तो असतो दोन तारा जेथे एकमेकींना भेटतात त्या जोडात, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील कपलरमध्ये, थिंबलमध्ये किंवा अर्थच्या बोल्टपाशी.

घरातील वीज २३० व्होल्टची, मोटारीतील १२ व्होल्टची. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ती २४ व्होल्ट होते. १२ व्होल्टचा झटका जाणवत नाही, म्हणून ती वीज निरुपद्रवी, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो समज घातक आहे. विजेचा दाब कमी असला की तेवढेच काम करून घेण्यासाठी प्रवाह वाढवावा लागतो. ६० वॉटचा दिवा घरात पाव अँपियरच्या आसपास प्रवाह घेतो, मोटारीत तेवढ्याच वॉटच्या दिव्याला ५ अँपियर लागतात. इंजिन सुरू करताना सेल्फ क्षणभर १५० अँपियर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. जोडातील अडथळ्यामुळे निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट.

दिव्याच्या मार्गात ०.२ ओहम इतका क्षुल्लक अडथळा शिरला, तरी जवळजवळ १ व्होल्ट त्या जोडातच खर्ची पडतो. दिव्याचा प्रकाश सुमारे पाव हिश्शाने घटतो आणि जोडात ४ वॉटची उष्णता सतत साठत राहते. प्लॅस्टिकचा कपलर त्या उष्णतेने प्रथम तपकिरी, नंतर काळा पडतो. आतील पितळी पत्तीचा ताण जातो, पकड सैल होते आणि अडथळा आणखी वाढतो. सेल्फच्या जाड केबलवर ०.०१ ओहम एवढाच अडथळा असला, तरी १५० अँपियरच्या प्रवाहात तेथे २२५ वॉट उष्णता उत्पन्न होते. डाग देण्याची साधी इस्त्री पंचवीस-तीस वॉटची असते, हे लक्षात घेतले की बॅटरीच्या सैल क्लँपपाशी काय घडते याची कल्पना यावी. जाता जाता सराफी पेढ्यांतील मंडळींसाठी एक सूचना : बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वी बोटातील अंगठी व हातातील कडे उतरवून ठेवावे. सोने विजेचे उत्तम वाहक आहे. पान्याचे टोक पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि अंगठी पान्याला व पत्र्याला एकाच वेळी टेकली, तर क्षणार्धात ती निखाऱ्यासारखी तापते.

मोटार आणि जैन उद्योजक यांचा संबंध जुना आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. याच कंपनीच्या मुंबईतील कारखान्यातून पुढे फियाट आणि तीच पुढे पद्मिनी या नावाने देशभर गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे तेच रूप अनेक पिढ्यांच्या डोळ्यांसमोर राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पद्मिनीचे वायरिंग इतके सुटसुटीत होते की चाळीतील एखादा हुशार मुलगादेखील दिव्यापासून स्विचपर्यंतची तार बोटाने धरत जाऊन दोष शोधू शकत असे. टेस्ट लॅम्प, पक्कड आणि टेपचे एक भेंडोळे एवढ्यावर कित्येक मिस्त्रींचा संसार चालला.

आजच्या वाहनात ती सोय उरलेली नाही. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक सेन्सरला बॅटरीपासून स्वतंत्र तारा ओढायच्या तर वायरिंगचे ओझेच असह्य होईल. म्हणून बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ नावाची पद्धत जगापुढे मांडली. तिच्यात एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारांवरून गाडीतील अनेक संगणक आपापसांत संदेश पाठवतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर तर लहान वाहनांतही सेन्सरांची संख्या वाढली. जो जोड पूर्वी केवळ दिवा मंद करी, तो आता इंजिनाची ताकद घटवतो, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटवतो आणि निदानयंत्राच्या पडद्यावर एखाद्या महागड्या सेन्सरचे नाव आणून उभे करतो. यंत्र खोटे बोलत नाही. त्या सेन्सरकडून योग्य संदेश आला नाही, एवढेच ते सांगते. संदेश न येण्याचे कारण सेन्सर आहे की त्याच्या कपलरमधील ओल, हे माणसालाच पाहावे लागते. अनेक गॅरेजांत मात्र पडद्यावरचे नाव वाचून थेट नवा सेन्सर मागवला जातो, आणि जुना पुन्हा लावून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

दोष शोधण्याची खरी रीत व्यापाऱ्याला चटकन उमगेल अशी आहे. ताळेबंदात फरक आला, तर मुनीम दुकानातील माल बदलत नाही. तो रोजमेळापासून एकेक नोंद ताडून पाहतो आणि रक्कम कोठे गळाली ते शोधतो. जाणता इलेक्ट्रिशियन व्होल्टचा असाच मेळ घालतो. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तो आकडा साधारण १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो. दिवा चालू ठेवून, म्हणजे प्रवाह वाहत असतानाच, मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या कपलरवर टेकवायची. मधल्या मार्गात जेवढे व्होल्ट गळत असतील तेवढा आकडा मीटर दाखवतो. संपूर्ण मार्गात अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक गळती असेल, किंवा एखाद्याच जोडावर ०.१ व्होल्टहून जास्त दिसत असेल, तर शोधाची जागा सापडली असे समजावे. अर्थच्या बाजूने, म्हणजे दिव्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, हीच तपासणी पुन्हा करायची. बहुतेक जण नेमके हेच विसरतात, कारण परतीची तार त्यांना दिसत नाही. तेथे गाडीचा पत्राच तारेचे काम करीत असतो.

दिवा बंद ठेवून घेतलेले माप येथे फसवे ठरते. दहा धाग्यांपैकी एकच धागा शाबूत असलेली तारसुद्धा प्रवाह नसताना पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. भार पडला की तिचे पितळ उघडे पडते.

‘कॅन’च्या जोडीची परीक्षा आणखी निराळी. तिच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो, त्यामुळे बॅटरी सोडवून मोजल्यास दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले, तर एका टोकाशी असलेला संबंध तुटला आहे. या तारांवर जुन्या पद्धतीचा टेस्ट लॅम्प लावणे कटाक्षाने टाळावे. त्याने ओढलेला प्रवाह संगणकातील नाजूक भागांना पेलवत नाही. आणि ज्या कपलरांवर किंवा वायरींवर पिवळे आवरण असते, त्यांचा संबंध सामान्यतः एअरबॅगशी असतो. तेथे मल्टिमीटरही लावू नये. ते काम अधिकृत कार्यशाळेवर सोपवणे हेच इष्ट.

या शोधाला वेळ लागतो, आणि येथेच व्यापारी मनाची थोडी अडचण होते. नव्या सेन्सरचे दोन हजार रुपये मालक निमूटपणे देतो, कारण हातात वस्तू दिसते. तीन तास शोधून मिस्त्रीने एक थिंबल बदलली आणि मजुरीचे सातशे मागितले, तर ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ असा प्रश्न येतो. मग मिस्त्रीही शोधाच्या भरीस न पडता सुटे भाग बदलण्याचा सोपा मार्ग धरतो. ज्या पेढ्या शोधाची मजुरी स्वतंत्रपणे आणि आनंदाने देतात, त्यांच्या गाड्यांवर चांगले कारागीर मन लावून काम करतात.

जोड सापडल्यानंतरची दुरुस्ती हा स्वतंत्र विषय. सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट रीत म्हणजे दोन टोके सोलून पीळ देणे व वर टेप गुंडाळणे. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळून सुटतो, पावसाळ्यात त्याच फटीतून ओल शिरते, आणि तांब्याला काट चढू लागतो. चांगला कारागीर प्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवतो. नंतर काळवंडलेली तार मागे मागे कापत जातो, आत लालसर चकाकते तांबे दिसेपर्यंत. दोन इंच कापूनही तांबे काळेच निघाले, तर तेवढा तुकडा काढून त्याच जाडीची नवी तार घातली पाहिजे. बारीक तार घालणे म्हणजे नवा अडथळा विकत घेणे होय.

यानंतर क्रिंपिंग. थिंबलच्या किंवा पिनच्या मागे दोन जोड्या पंख असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला आवळते, मागची जोडी वरच्या आवरणाला धरून ठेवते, म्हणजे हिसका तांब्यावर न येता आवरणावर येतो. योग्य मापाच्या क्रिंपिंग टूलने आवळलेला जोड इतका घट्ट बसतो की धाग्यांमध्ये हवेलाही वाव राहत नाही, आणि हवाच नाही तर गंजही नाही. साध्या पकडीने चेपलेली थिंबल वरून तशीच दिसते, पण हाताने जोरात ओढली की बाहेर येते. ही ओढून पाहण्याची परीक्षा मालकाने स्वतः करावी. कारागिराला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

डाग द्यावा की देऊ नये, यावर गॅरेजांत हिरिरीने वाद होतात. डाग दिलेला जोड विजेच्या दृष्टीने उत्तम, यात शंका नाही. परंतु वितळलेले कथील धाग्यांमधून पुढे झिरपते आणि तेवढी तार ताठ होते. इंजिनाजवळ सतत थरथर असते, आणि ताठ भाग संपून मऊ भाग जेथे सुरू होतो, नेमक्या त्या रेषेवर तार तुटते. म्हणून डाग द्यायचाच तर जोडाच्या दोन्ही बाजूंना तार बांधून स्थिर करावी. इंजिनाजवळ मात्र क्रिंपिंगच बरे. वर आतून डिंक असलेली हिट श्रिंक स्लीव्ह चढवून गरम हवेने आकसली की पाण्याचा मार्ग बंद होतो.

कपलरच्या बाबतीत घाई नडते. त्याला कुलूपपट्टी असते, ती दाबून कपलर सोडवायचा असतो, तार धरून ओढायचा नसतो. पावसात सापडणाऱ्या कपलरांत प्रत्येक तारेभोवती रबराची बारीक कडी असते. दुरुस्तीच्या वेळी ती हरवली, तर उरलेली सगळी मेहनत व्यर्थ. तपासणीसाठी स्त्री-पिनमध्ये जाड सुई किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसण्याची सवय तर निखालस वाईट. पिन रुंदावते आणि मूळ नसलेला दोष नव्याने जन्माला येतो. एअरबॅग आणि काही सेन्सरांच्या पिनांना सोन्याचा मुलामा दिलेला असतो, कारण अगदी क्षीण संदेशाला कथलावरचा गंज अडवतो, सोने गंजत नाही. अशा सोनेरी पिनेला साधी कथलाची पिन जोडली, तर थरथरीने कथील झिजून तेथे हळूहळू गंजाची भुकटी साचते. सोन्याला सोन्याचीच जोड हवी.

आगीचा धोका मात्र एका वेगळ्याच ठिकाणी अधिक असतो, तो म्हणजे फ्यूजपाशी. पत्तीच्या फ्यूजला रंगांची भाषा आहे : १० अँपियरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूज वारंवार उडत असेल, तर तो मालकाला काही सांगत असतो. लाल काढून तेथे हिरवा बसवणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून तोच फ्यूज पुन्हा लावणे, म्हणजे सांगणाऱ्याचे तोंड बंद करणे. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तार पेलू शकेल त्याहून अधिक प्रवाह तिच्यातून जाऊ न देणे, हे त्याचे काम. ते काम थांबले की तारच फ्यूज बनते, आणि ती जळते ती आसनाखाली, गालिच्याखाली, मालाच्या गोण्यांना लागून.

जादा दिवे, मोठा हॉर्न, संगीताचा संच किंवा कॅमेरा बसवताना मूळ तारेला ब्लेडने सोलून नवी तार अडकवण्याची पद्धत याच कारणासाठी वर्ज्य मानावी. अशा उपकरणाला बॅटरीपासून स्वतंत्र तार, बॅटरीलगत स्वतंत्र फ्यूज आणि मध्ये रिले असावा. अपघातानंतर किंवा आगीनंतर विम्याचा सर्वेक्षक येतो तेव्हा बाहेरून केलेले वायरिंग त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि दाव्यात वादाला तेथूनच तोंड फुटते.

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या कुटुंबांना पाण्याने वायरिंगची काय दशा होते, हे निराळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये सांगली-कोल्हापूर परिसरात महापूर आला. पुरात बुडालेली गाडी ओसरल्यावर चावी फिरवून ‘चालते का’ ते पाहणे ही पहिली चूक. आधी बॅटरी सोडवावी. पुराचे पाणी गाळाचे आणि क्षारयुक्त असते. विजेचा दाब असताना ते कपलरमध्ये राहिले, तर पॉझिटिव्ह बाजूचे तांबे अक्षरशः विरघळू लागते. सगळे कपलर उघडून स्वच्छ पाण्याने धुणे, पूर्ण वाळवणे आणि मगच जोडणे, हे कंटाळवाणे काम केल्याखेरीज गत्यंतर नसते. तारेच्या आवरणात शिरलेले पाणी वातीतील तेलासारखे धाग्यांमधून पुढे सरकत जाते. म्हणूनच दोन-दोन वर्षांनी, पूर विसरला गेल्यावर, पुराच्या रेषेहून वर असलेला जोडही दगा देतो.

जुनी गाडी घेताना व्यापाऱ्याने मालाची पारख करावी तशी हीही करावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या आतल्या भागावर मातकट रेषा दिसली, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात बारीक गाळ सापडला, आसनाखालचे रूळ गंजलेले असले, तर गाडी कितीही चकचकीत असो, व्यवहार मोडावा.

धान्याच्या, गुळाच्या किंवा किराण्याच्या पेढ्यांना आणखी एक उपद्रव असतो, उंदरांचा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावे लागते. इंजिनाची ऊब आणि बॉनेटखालचा निवांतपणा त्याला आयताच मिळतो. विष घालणे हा उपाय जैन घरात नाही, आणि यांत्रिक दृष्टीनेही तो चांगला नाही, कारण विष खाल्लेला उंदीर वायरिंगच्या मागे मरून पडला तर गाडीत बसणे अशक्य होते. डांबराच्या गोळ्या आणि तंबाखूची पाने यांचा वास उडाला की परिणामही संपतो. उपयोगी पडते ते साधेच : गाडी गोदामाच्या भिंतीला लागून उभी न करणे, गोण्या उतरवल्यावर सांडलेले धान्य झाडून काढणे, हवेच्या मार्गांवर बारीक तारेची जाळी बसवणे, आणि गरज पडल्यास जिवंत पकडण्याचा पिंजरा लावून उंदीर दूर नेऊन सोडणे. कुरतडलेली तार सापडली, तर एकच तार जोडून थांबू नये. शेजारच्या चार तारांची आवरणेही खरवडलेली असतात, आणि त्या एकमेकींना टेकण्याची वाट पाहत असतात.

चातुर्मासात अनेक कुटुंबांत प्रवास कमी होतो आणि मोटार आठवडेच्या आठवडे एका जागी उभी राहते. बाहेर ओल, आत निश्चल पडलेले जोड : काट चढायला आणि उंदराला घर करायला याहून सोयीचा काळ नाही. आषाढ लागण्यापूर्वी एकदा अर्थचे बोल्ट उघडून घासून घ्यावेत, बॅटरीची टोके स्वच्छ करून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा, आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवून आणावी. चावी लावण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, म्हणजे आत विसावलेला एखादा जीव पंखा फिरण्याआधी बाहेर पडेल.